ऊब निर्यात करार

नदीच्या अलीकडे करवंदबन नावाचं एक जंगल होतं. तिथे रानगव्याचं राज्य होतं. ते निवडणुकीने आलेलं असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

पलीकडच्या हंसराज्यात हंसिणी कचेऱ्या सांभाळू लागल्या होत्या. अंड्यांवर बसायला त्यांना सवड नव्हती आणि हंसांना सवय नव्हती. हे कळताच रानगव्याने सभा भरवली.

"बंधूंनो आणि अंडी घालणाऱ्या भगिनींनो! आपल्याकडे सोनं नाही, पण ऊब आहे. आजपासून ऊब ही आपली निर्यात!"

सगळे ओरडले, "आपली ऊब, जगात खूब!"

पहिल्याच नावेच्या यादीत भिमाक्का रानकोंबडीचं नाव होतं. तिने नुकतीच सात अंडी घातली होती. ती व्यापारमंत्री मुंगुसाकडे गेली.

"साहेब, माझ्या अंड्यांवर कोण बसणार?"

"परंपरेने जे बसत आलंय, ते."

"ती मीच की!"

"मग अडचण कुठे आहे?" असं म्हणून मंत्र्यांनी शिक्का मारला.

घरी तिचा नवरा तुरेराव तुरा विंचरत होता. "मी बसलो असतो गं," तो म्हणाला, "पण मग आरवायचं कुणी?"

शेवटी भिमाक्काने शेजारच्या सखू टिटवीला अळ्यांच्या बोलीवर बसवलं. टिटवीच्या अंड्यांवर तिची थोरली लेक बसली. त्यापायी त्या लेकीची शाळा सुटली.

हंसराज्यात भिमाक्का महिनाभर जागची हलली नाही. गुबगुबीत पिल्लं बाहेर आली. "तू अगदी घरच्यासारखी आहेस हं," असं म्हणून हंसिणीने तिला मागच्या दाराने नावेवर पोचवलं.

भिमाक्का घरी आली तेव्हा तिची पिल्लं अंगणात पळत होती. तिने चोचीत अळी धरून त्यांना साद घातली. पिल्लं दचकली आणि टिटवीच्या पंखाखाली शिरली.

टिटवी ओशाळली. "अक्का, लहान आहेत. कळत नाही त्यांना."

"कळतंय की," भिमाक्का म्हणाली. अळी तिच्या चोचीतून कधी पडली, हे तिचं तिलाही समजलं नाही.

त्याच आठवड्यात तिला 'ऊबभूषण' किताब मिळाला. माईक हाती आला तशी ती म्हणाली, "महाराज, किताब राहू द्या. टिटवीच्या लेकीला शाळेत धाडा. आणि आम्ही घरच्या अंड्यांवर बसतो, ते काम म्हणून धरा."

मुंगूस ताडकन उठला. "घरचं बसणं म्हणजे काम नव्हे, माया! आणि मायेवर या सरकारने एक पैचा कर लावलेला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी एकही कोंबडी नावेत चढली नाही. पलीकडून रागाचं पत्र आलं. रानगव्याने घाईघाईने कोंबडी कल्याण समिती नेमली. तिच्यात सात कोंबडे होते. अंड्यांचा दांडगा अनुभव म्हणून अध्यक्षपद मुंगुसाला मिळालं.

समितीची बैठक अजून चालू आहे. भिमाक्का दाराशी गेली होती. आत महिलांच्या प्रश्नावर गंभीर चर्चा चालली आहे, तेव्हा बायकांनी बाहेर गलका करू नये, असं तिला सांगण्यात आलं.