शंभरांचे पाय

शैलवती नगरीत भद्रसाल राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका चर्मकाराच्या घरी जन्म घेतला. आईबापांनी त्याचे नाव उदुंबर ठेवले. सैन्याच्या वहाणा शिवायला म्हणून तो छावणीत आला. एका लढाईत आरी टाकून भाला उचलायची वेळ आली, तेव्हा तो पळाला नाही. पुढे वीस वर्षांत चढत चढत तो शंभर सैनिकांचा नायक झाला.

त्याच्या तुकडीत एक रीत होती. दिवसाची चाल संपून मुक्काम पडला की सैनिक ओळीने बसत आणि वहाणा काढून ठेवत. उदुंबर पाण्याचा घडा, तिळाचे तेल आणि काटा काढायची सुई घेऊन एका टोकापासून सुरुवात करी. प्रत्येकाचा पाय मांडीवर घेऊन टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या तो स्वतः बघे. दोनशे पाय बघून झाल्याशिवाय त्याच्या तोंडात घास जात नसे. दुसऱ्या तुकड्यांतले लोक हसत. पण लांबची चाल संपल्यावर शिरगणती झाली की उदुंबराचे शंभरच्या शंभर भरत आणि हसणाऱ्यांचे ऐंशी. तरी हसायचे कोणी थांबले नाही. आपल्या स्वतःच्या पायात काटा मोडेपर्यंत माणूस हसतच असतो.

सेनापतीचा मुलगा हिमवर्धन याला एक वर्ष शिकण्यासाठी याच तुकडीत धाडण्यात आले. तो चोवीस वर्षांचा होता, तुपातल्या भातावर वाढलेला, धनुष्यात पटाईत, आणि आपण पटाईत आहोत हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. पहिल्याच संध्याकाळी उदुंबराने त्याचा पाय मांडीवर घेतला, तसा त्याने तो झटकन ओढून घेतला.

"मी शस्त्र शिकायला आलो आहे," तो म्हणाला.

"शस्त्राला रणापर्यंत कोण नेणार?" उदुंबराने विचारले, आणि पुन्हा त्याचा पाय ओढून घेतला.

हिमवर्धनाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वर्षभरात तो पुष्कळ शिकला. दगडावर झोपायला शिकला, मूठभर सातूवर दिवस काढायला शिकला, सगळ्यांबरोबर खंदक खणायला आणि आज्ञा झाली की तोंड वाकडे न करता उठायला शिकला. एक गोष्ट मात्र त्याने शिकून घेतली नाही. संध्याकाळी उदुंबरामागे घडा धरून उभे राहायची पाळी आली की तो मान वळवून डोंगराकडे बघत बसे. सैनिकांच्या घामट पायांशी सेनापतीच्या मुलाला काय करायचे, असे त्याला मनापासून वाटे.

वर्ष संपले आणि त्याला स्वतःची शंभरांची तुकडी मिळाली. तेवढ्यात बातमी आली की डोंगरापलीकडच्या लुटारू टोळ्या वेणुघाट उतरून येणार आहेत. घाटाखाली तीन गावे होती. खळ्यांवर धान्याच्या राशी पडल्या होत्या आणि त्या टाकून माणसे हलायला तयार नव्हती. राजाने दोन ठाण्यांवरून दोन तुकड्या सोडल्या, एक उदुंबराची आणि एक हिमवर्धनाची. पाचव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दोघांनी घाटमाथा गाठायचा होता. दोनशे माणसे मिळून तो अरुंद माथा सहज धरू शकत होती. शंभरांनी धरणे अवघड होते.

हिमवर्धनाने ठरवले की आपण उदुंबराच्या आधी पोहोचायचे. पहिल्या दिवशी त्याने दीड मजल मारली. संध्याकाळी एका सैनिकाने टाचेला फोड आल्याचे सांगितले, तेव्हा त्याला दुसऱ्याची ढालही वाहायला लावली. मग हिमवर्धन एका खडकावर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "आणखी कोणाचे पाय दुखतात?"

कोणाचेच दुखत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुखत नव्हते, तिसऱ्या दिवशीही नाही. सगळे मूग गिळून बसले, आणि हिमवर्धनाला वाटले की आपली माणसे कणखर आहेत. दोनशे पाय धुण्यात उदुंबर रोज एक प्रहर घालवतो आणि आपण ते काम एका प्रश्नात उरकतो, याचा त्याला अभिमानही वाटला.

चौथ्या दिवशी दुपारी चढ लागला आणि बेचाळीस माणसे खाली बसली. त्यांत खेमक होता. तो उदुंबराच्या हाताखालून आलेला जुना सैनिक, पन्नाशीला टेकलेला. काटा आत मोडून त्याची टाच सुजून काळीनिळी झाली होती.

"काल का नाही सांगितलंस?" हिमवर्धन ओरडला.

"नायक, तुम्ही तोंडाला विचारलंत," खेमक म्हणाला. "तोंडाला लाज असते, ते खोटं बोलतं. पायाला विचारलं असतंत तर कळलं असतं. आता जे उभे आहेत त्यांना घेऊन पुढे व्हा. आम्ही येतो मागून, रांगत का होईना."

हिमवर्धनाने उभे असलेल्यांना वहाणा काढायला लावल्या. त्या अठ्ठावन्न जणांतले तीसजण बसलेल्यांपेक्षा वाईट होते, केवळ भीतीने उभे होते. शेवटी त्याने स्वतःची वहाण सोडली. आतून रक्त निघाले. तीन दिवस त्याने स्वतःलाही विचारले नव्हते.

तो खेमकासमोर बसला, त्याची टाच मांडीवर घेतली आणि सुई मागितली. सुई हातात आल्यावर त्याच्या लक्षात आले की काटा कुठून आणि कसा काढायचा हे आपल्याला ठाऊकच नाही. वर्षभर तो हे काम चालू असताना डोंगर बघत होता.

"कसं करायचं, सांग," तो म्हणाला.

खेमकाने सांगितले. आधी कोमट पाण्यात भिजवायचे, मग सुई आडवी धरायची, घाई करायची नाही. उरलेला सगळा दिवस हिमवर्धन त्या चढावर एकापुढून दुसऱ्यापुढे सरकत होता. पाचव्या दिवशी तुकडी निघाली ती लंगड्यांच्या चालीने. माथ्यावर ती पोहोचली सहाव्या दिवशी, ऊन कलल्यावर. एकही माणूस मागे राहिला नव्हता.

पण लढाई सकाळीच सुरू झाली होती. उदुंबराची तुकडी ठरल्या वेळी पोहोचली होती आणि दिवसभर एकटीने माथा धरून होती. आणखी शंभर माणसे येताना पाहून टोळ्यांनी माघार घेतली. तिन्ही गावे वाचली. उदुंबराचे अकरा सैनिक मात्र त्या दिवशी पडले.

हिमवर्धन त्या अकराजणांपाशी गेला. त्यांच्यातल्या नऊजणांबरोबर तो वर्षभर एका पंक्तीला जेवला होता. तो धाय मोकलून रडला. मग डोळे पुसून त्याने त्यांची अंगे धुतली आणि लाकडे रचायला आपल्या माणसांबरोबर तोही गेला. उदुंबराच्या खांद्यात बाण घुसला होता. तो दगडाला टेकून हे सगळे बघत होता.

शैलवतीला परतल्यावर दरबार भरला. सेनापतीने आपल्या मुलासाठी सबब तयार ठेवली होती, की वाट दरड कोसळून बंद झाली होती. हिमवर्धन उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, वाट मोकळी होती. उशीर माझ्यामुळे झाला." आणि खडकावरून विचारलेल्या प्रश्नापासून सगळे त्याने सांगून टाकले.

राजा म्हणाला, "सेनापतीने माझ्यासमोर खोटं सांगितलं, तेव्हा ते पद आज मोकळं झालं. उदुंबरा, ते तुझं आहे. आणि या मुलाला मी राज्याबाहेर काढतो."

उदुंबराने हात जोडले. "महाराज, मला एकच काही द्यायचं असेल तर पद नको. हा माणूस त्याच्या तुकडीसकट राहू द्या."

"याच्यामुळे तुझी अकरा माणसं गेली," राजा म्हणाला.

"म्हणूनच मागतो आहे. नायक आयता मिळत नाही, महाराज. अकराजणांच्या जिवावर हा तयार झाला आहे. याला हाकलून दिलंत तर ते अकराजण फुकट गेले. याच्या जागी नवा आणाल, तो पुन्हा खडकावर उभा राहून विचारील."

राजाने ते मानले. सेनापतीपद दुसऱ्या कोणाला मिळाले आणि उदुंबर शेवटपर्यंत शंभरांचाच नायक राहिला. हिमवर्धनाने पुढे तीस वर्षे तुकडी सांभाळली. तो फार मोठा योद्धा म्हणून गाजला नाही, पण त्याच्या तुकडीत नाव घालावे म्हणून लोक आपली मुले लांबून घेऊन येत.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली ती भिक्षू सुरथासाठी. घरदार सोडून नव्याने प्रव्रज्या घेतलेले अकरा भिक्षू त्याच्याकडे शिकायला दिले होते. सुरथाची शिस्त कडक होती. तिच्या धाकाने त्यांतल्या एकाने ताप लपवला, तो भिक्षेच्या वाटेवर कोसळला आणि थोडक्यात वाचला. तेव्हा सुरथाने सगळी जबाबदारी खाली ठेवली. "मी याला लायक नाही, दुसऱ्या कोणाला नेमा," असे सांगून तो विहाराच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा हिमवर्धन म्हणजे हा सुरथ. खेमक म्हणजे तापात त्या भिक्षूची सेवा करणारा वृद्ध स्थविर. भद्रसाल राजा म्हणजे या विहाराला जागा देणारा उपासक, आणि उदुंबर म्हणजे मीच. चूक पदरात घेऊन पुन्हा तोच भार उचलणे, या न खचणाऱ्या नेटाला वीर्य म्हणतात."

सुरथ मान खाली घालून बसला होता. ती वर करून त्याने विचारले, "भगवन्, आणि ते अकराजण?"

शास्ते म्हणाले, "ते दाराबाहेर तुझी वाट बघत उभे आहेत."