हौसाबाईच्या कोंबड्यांची पावलं

एकदा एक शिष्य सकाळी सकाळी धापा टाकत आपल्या गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचं नाव श्रीपती. गुरू म्हणजे पंचक्रोशीतल्या गुराढोरांवर आणि पाखरांवर आयुष्यभर उपचार करत आलेले एक वृद्ध वैद्य. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचे गुडघे आता कुरकुरू लागले होते, म्हणून आसपासच्या वस्त्यांवर अलीकडे श्रीपतीच जाई. तो हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपण हुशार नि कष्टाळू आहोत याची त्याला पुरेपूर जाणीवही होती. तरुणपणी एवढं चालायचंच.

“आबा, हौसाबाईच्या कोंबड्यांना मर लागली,” तो म्हणाला. मर म्हणजे खुराडंच्या खुराडं रिकामं करणारी साथ. “पाय जातायत त्यांचे. मी खड्डा खणायला सांगून आलोय. आजच्या आज सगळ्या पुरल्या नाहीत, तर वस्तीत एक कोंबडी उरायची नाही. तुम्ही फक्त येऊन एकदा हो म्हणा. माझं ती बाई ऐकत नाहीये.”

“सगळ्यांचे पाय गेले?” आबांनी विचारलं.

“एक तलंग पार आडवी झालीये. कोंबडा लंगडतोय. पिल्लांची तर दशा बघवत नाही. बाकीच्या आज ना उद्या पडणारच.”

“बाकीच्या पाहिल्यास?”

“त्या तर चालतायत, आबा. त्यांच्यात काय पाहायचं?”

आबांनी खुंटीवरचा पटका उतरवला, काठी घेतली आणि ते निघाले.

हौसाबाई वस्तीच्या टोकाला एकटीच राहायची. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, लेक लांब सासरी होती. कोंबड्यांवर तिचं पोट होतं हे खरंच, पण दिवसभरात कुणाशी बोलायचं तर तेही कोंबड्यांशीच. त्यांना ती नावं घेऊन हाका मारी, रुसल्या तर समजूत काढी, आणि कुणी हसलं तर त्याच्यावर उखडे. अशा बाईला सगळ्या कोंबड्या पुरायला सांगणं म्हणजे घर मोडायला सांगण्यासारखंच होतं.

आबा पोचले तेव्हा अंगणात शेजारीपाजारी जमले होते. परसात खड्डा तयार होता. पडलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, दारापाशी पोत्यावर ठेवली होती. श्रीपतीच्या हुकमावरून खुराड्याचं दार बंदच होतं आणि आतून कलकलाट चालला होता. हौसाबाई खुराड्याला पाठ लावून बसली होती. तिला तिथून उठवायची कुणाची छाती झाली नव्हती.

आबांना पाहताच तिला रडू फुटलं. “आबा, ह्यो म्हंतोय समद्या पुरा. चालत्या-बोलत्या लेकरांला मी मातीत घालू व्हय? तुमी सांगा. तुमी म्हनलासा तर घालीन. दुसऱ्या कुनाचं ऐकायची न्हाई मी.”

“रडू नकोस. चुलीत राख आहे का?”

“राख?” हौसाबाई डोळे पुसायचं विसरली.

“चाळून आण. घमेलंभर तरी पाहिजे.”

राख आली. आबा त्या तलंगीशेजारून गेले, पण तिच्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. कमरेत वाकून त्यांनी खुराड्यापुढच्या सारवलेल्या अंगणात राख पसरली, हातानं सारखी केली. मग खुराड्याचं दार उघडायला सांगून ते ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, “हौसाबाई, चहा टाक.”

शेजारचा केरबा आधीच तोंडाळ. तो म्हणाला, “आबा, कोंबडीच्या लग्नाची रांगोळी म्हनायची का काय ही?” लोक हसले. श्रीपतीला मात्र कानकोंडं झालं. इथे एकेक घटका मोलाची, आणि गुरू राखेचा खेळ मांडून बसलेले. वयाचा परिणाम असावा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि तसं मनात आल्याची त्याला लगेच लाजही वाटली.

कोंबड्या बाहेर पडल्या. राखेतून चालत, पंख झाडत अंगणभर पांगल्या. मग त्यांना परसाकडे हाकलायला सांगून आबांनी कोठीच्या खोलीचं दार उघडायला लावलं, कारण पिल्लं तिथे होती. तीही लुटूलुटू करत राखेवर आली. सगळी पलीकडे गेल्यावर आबांनी श्रीपतीला जवळ बोलावलं.

“आता वाच.”

“काय वाचू?”

“समोर आहे ते.”

श्रीपती खाली बसला. प्रथम त्याला नुसता गोंधळ दिसला. मग हळूहळू एकेक पाऊल वेगळं होऊ लागलं. मोठ्या कोंबड्यांचे ठसे स्वच्छ होते. पुढे तीन बोटं पसरलेली, मागे एक टेकलेलं, दोन्ही पायांचं वजन सारखं. “या चांगल्या आहेत,” तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. नंतर त्याला एक मोठं पाऊल दिसलं. डावा ठसा खोल, उजवा जेमतेम उमटलेला.

“हा कोंबडा. उजव्या पायावर भार टाकत नाही.”

“मग धर त्याला आणि तळवा बघ.”

धरायला बराच वेळ गेला, कारण कोंबडा लंगडा असला तरी आजाऱ्यासारखा मुळीच वागत नव्हता. तळव्यावर काळी खपली होती आणि तिच्याभोवती चिंचोक्याएवढी सूज. आबांनी खुराड्यात वर बोट केलं. कोंबडा रात्री बसायचा ती आडवी दांडी पार आढ्याजवळ होती आणि खाली दगडी फरशी.

“रोज पहाटे तिथून खाली उडी. दगडावर तळवा आपटला, चीर पडली, घाण आत गेली. दांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर आण, खाली भुसा नाहीतर पेंढा टाक. जखम धू, औषध लाव. याला मर म्हणायचं?”

श्रीपती आता पिल्लांच्या ठशांकडे वळला होता आणि तिथे त्याची मती गुंग झाली. बोटांचे ठसे नव्हतेच. जिथे पाऊल हवं तिथे गोल डाग होते, मूठ टेकवल्यासारखे, आणि त्यांच्यामागे घासत गेल्याचे लांबट फराटे. त्यानं एक पिल्लू उचलून तळहातावर घेतलं. त्याची बोटं आतल्या बाजूला वळून मिटलेली होती. बिचारं मागच्या सांध्यावर बसून सरकत होतं. डोळे मात्र टवटवीत होते आणि चोचीनं ते श्रीपतीचा अंगठा टोचत होतं.

“मर असती तर हे असं टोचलं असतं?” आबांनी विचारलं. “माना वाकड्या झाल्या असत्या, हिरवट हगवण लागली असती, एव्हाना पटापट मेली असती. तसं असतं तर तुझ्या खड्ड्याला मीही हो म्हणालो असतो. हौसाबाई, पिल्लांना खायला काय घालतेस?”

हौसाबाई चहाची किटली घेऊन दारात उभी होती. तिनं श्रीपतीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “भात,” ती म्हणाली. “पांढरा. इकत आनून घालतीया. मी भाकरी खाल्ली, पर त्यांला भातच घातला.”

“आणि वाळवी? उकिरडा? तुझी पिल्लं तर पूर्वी दिवसभर उकिरड्यावर असायची.”

“बंद केलं.”

“का गं?”

ती किटली उगाच या हातातून त्या हातात करत राहिली. केरबाचं तोंडही पहिल्यांदाच बंद झालं होतं, कारण वस्तीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. पाऊस संपताना श्रीपतीच तिथे आला होता. उकिरडा म्हणजे घाण, वाळवीचं ढेकूळ म्हणजे घाण, पिल्लांना बाहेर सोडशील तर घार नेईल. त्यांना कोठीत बंद ठेव, स्वच्छ पांढरा भात घाल, असं त्यानंच सांगितलं होतं. ते त्यानं तळमळीनं सांगितलं होतं आणि बाईनं त्याहून तळमळीनं पाळलं होतं. चूक अशी चांगल्या हातांनी घडली, की ती पकडायला फार वेळ लागतो.

श्रीपतीच्या हातातलं पिल्लू अजून टोचत होतं. त्याचा चेहरा उतरला. आबांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि काठीच्या टोकानं राखेत एक रेघ ओढली.

“पडलेल्या कोंबडीवरून आजार कुठवर पोचला ते समजतं,” ते सावकाश म्हणाले. “तो कुठून निघाला हे समजून घ्यायचं, तर जी अजून चालतेय तिच्यामागे जावं लागतं. कोंबड्याचा पाय दांडीवरून गेला. पिल्लांचा पाय पोटातून गेला. भाताला कोंडा नाही, खाण्यात किडा नाही, पाला नाही, मग बोटं उघडायची ताकद यायची कुठून? त्यात अंगाला ऊन नाही, म्हणजे उद्या हाडंही मऊ पडली असती. पाय कोंबड्याचाही गेला नि पिल्लांचेही, पण एका वाटेनं गेले नाहीत. तू सगळ्यांना मिळून एकच नाव दिलंस. नाव मिळालं की माणसाला बरं वाटतं, श्रीपती. मग तो पाहायचं थांबतो.”

मग ते उठले आणि पहिल्यांदा त्या पोत्याजवळ गेले. तलंगीचा एक पाय पुढे ताणलेला होता, दुसरा मागे. चालता चालता कुणी थिजवून टाकावं तशी. आबा तिच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिले.

“ही कुठली?”

“पिल्लं इकनाऱ्या सायकलवाल्याकडनं घेतलीती, पिल्लू हुती तवा,” हौसाबाई म्हणाली.

“हिला मात्र उपाय नाही. हा आजार पिसांच्या कोंड्यातून, वाऱ्यातून पसरतो. अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच लस टोचली असेल तरच पाखरू वाचतं. यापुढे विकतचं पिल्लू घेताना लस टोचलीय का ते विचारायचं. नसेल तर घ्यायचं नाही. हिच्याखालचं पोतं जाळा. लहान पिल्लं मोठ्या कोंबड्यांत मिसळू देऊ नका.” एवढं सांगून ते श्रीपतीकडे वळले. “पिल्लं तू कोठीत वेगळी ठेवायला लावलीस, त्यानं या आजारापासून ती वाचली असतील. तेवढं तुझं बरोबर होतं. चुकलेलं धरून बसताना बरोबर आलेलं टाकून देऊ नकोस.”

“पिल्लं बरी व्हतील का?” हौसाबाईनं विचारलं. सकाळपासून तिला हा एकच प्रश्न विचारायचा होता.

“ज्यांची बोटं नुकती वळलीत ती होतील. ज्यांना फार दिवस झाले त्यांचं मी सांगू शकत नाही. जनावरांच्या दवाखान्यातून ब जीवनसत्त्वाचं औषध आण आणि पाण्यातून दे. ताक दे, शेवग्याचा पाला चिरून घाल, वाळवी घाल. सकाळचं ऊन दे, वर बांबूचं डालगं झाक म्हणजे घारीची भीती नाही. आणि तू भाकरी खातेस ना, तीच त्यांनाही कुस्करून घाल.”

श्रीपतीनं पिल्लू हलकेच खाली ठेवलं. तो उठून हौसाबाईपुढे उभा राहिला. सगळी वस्ती पाहत होती. असे शब्द एकट्यात बोलायला सोपे असतात, चारचौघांत नाही.

“अक्का,” तो म्हणाला, “हे माझ्यामुळे झालं. मी सांगितलं तेच चुकीचं होतं. आणि कशानं झालं ते न शोधता मी थेट खड्डाच खणायला लावला.”

हौसाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. रागवायचं तिच्या मनात असावं, पण तिनं किटलीतला चहा ओतला आणि कप त्याच्या हातात दिला. “पी. गार व्हतोय.”

तलंगीचं जे करायचं ते श्रीपतीनं स्वतः केलं, परसाच्या आड, कुणाला दिसणार नाही असं, आणि तिला त्रास होणार नाही इतक्या झटकन. मोठ्या खड्ड्यात ती एकटीच गेली. त्यानं वर चुना टाकला आणि माती ओढून खड्डा पुरता बुजवला. आता या वस्तीत आपल्याला पुन्हा कुणी बोलावणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. ते योग्यच आहे असंही त्याला वाटत होतं.

हात धुऊन तो वळला, तर मागे केरबा उभा.

“आमच्या खुराड्यातबी दोन लंगडत्यात,” केरबा म्हणाला. “उद्या येशील का?”

श्रीपतीला वाटलं, हा थट्टा करतोय. “माझं चुकलं हे आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं ना मी?”

“म्हनूनच तुला बोलावतोय,” केरबा म्हणाला.

ओट्यावर आबा दुसरा कप संपवत होते आणि मुद्दामच दुसरीकडे पाहत होते.

“येतो,” श्रीपती म्हणाला. “पण कशानं झालं असेल ते तुम्ही मला आधीच सांगू नका, आणि मीही आल्या आल्या काही सांगणार नाही. आधी जरा वेळ त्यांना चालू द्या.”