अक्काची कुरकुरी

“तिकडं माझ्या अक्काला काय खायला देतात हो?”

म्हादूनं हे आधी आत्याला विचारलं. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. मग देवळातल्या गुरवाला विचारलं. त्यानं घंटाच वाजवली. मग पाटलाला विचारलं, तर पाटील म्हणाला, “येडा का खुळा रे तू?” 

एकदा काय झालं होतं, म्हादूची थोरली बहीण, त्याची अक्का, होडीत बसून नदीपलीकडच्या गावाला गेली. ती होडी अशी की जाताना माणूस घेऊन जायची आणि येताना रिकामी यायची. अक्काची दोन लेकरं, पिंगी आणि नाम्या, म्हादूमामाजवळ राहिली. रोज दिवस कलला की तिघं घाटावर जाऊन बसायची. होडी यायची. रिकामीच यायची.

आता या अक्काला गहू चालत नसे. एक घास पोटात गेला की ती कळवळून लोळायची. सारा गाव पोळ्या खायचा, आणि अक्का हरभऱ्याच्या पिठाच्या चौकोनी कुरकुऱ्या भाजायची. तिची खायची तऱ्हाही निराळी. आधी चारी कोपरे स्वतः कुरतडायची, आणि मधला तुकडा म्हादूच्या तोंडात कोंबायची. “घे रे खादाडा!”

मग म्हादू उठला, अक्काला कुरकुऱ्या धाडायच्या म्हणून. दम धरणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं हरभऱ्याचं पीठ घेतलं, तेल, ओवा, मीठ घालून मळलं, लाटलं, चौकोन कापले. पातेल्यात वाळू तापवली, तिच्यावर ताटली ठेवली, झाकणावर निखारे रचले. पण घाईत टोचे मारायला विसरला. कुरकुऱ्या टम्म फुगल्या आणि हात लावताच फुटल्या. त्यानं चुराच होडीत ठेवला. वारा आला, चुरा पाण्यात. जेवले कोण, तर मासे!

मग त्यानं पुन्हा पीठ मळलं. या खेपेला बाभळीच्या काट्यानं टोचे मारले. पण हरभऱ्याचं पीठ कडेला चिरतं ना! म्हादू वैतागला. त्यानं मूठभर कणीक घातली. काय सुबक झाल्या म्हणून सांगू! होडीत ठेवल्या, आणि होडी हलेचना. नावाड्यानं वल्हं मारलं, बांबू रेटला. होडी जागची ढिम्म.

नावाडी म्हणाला, “काय घातलंस रे यात?”

“मूठभर कणीक.”

पिंगी म्हणाली, “मामा, आईला गहू चालत नाही ना?”

म्हादू तिथंच चिखलात बसला आणि हमसून हमसून रडला.

मग तो घरी आला. परात राखेनं घासली. पोळपाट धुतला, लाटणं धुतलं, नखांतली कणीकसुद्धा काढली. पीठ नुसतं हरभऱ्याचं, तेल, ओवा, मीठ घालून ऊन पाण्यात मळलेलं. केळीच्या दोन पानांमध्ये ठेवून हलक्या हातानं लाटलं. कडा चिरल्या. चिरू दे, म्हणाला. टोचे मारले, आणि पातेल्यासमोर मांडी घालून बसला. उठला नाही, झाकण उघडून पाहिलं नाही. वास सुटला, थेट अक्काच्या हातचा.

पुरचुंडी होडीत ठेवली, आणि होडी नुसती सुसाट गेली.

तिघं घाटावर बसून राहिली. दिवस कलला. होडी आली. या वेळी रिकामी नव्हती, बरं का! फळीवर एक कुरकुरी होती. चारी कोपरे कुरतडलेली.

नाम्यानं विचारलं, “मामा, आई आली?”

“नाही रे राजा. पण आई जेवली.”

मधला तुकडा म्हादूचा. त्यानं तो मुठीत धरला, नाकाशी नेला, खूप वेळ तसाच धरून ठेवला. मग मोडला. अर्धा पिंगीला भरवला, अर्धा नाम्याला.

पुढं ती दोघं सुखानं वाढली, मोठी झाली. त्या दिवशी मात्र घाटावरून आली तशी लवंडली. मिटा पाहू तुम्हीही डोळे. अशीच निजली ती, जिभेवर ओव्याची चव घेऊन. आणि म्हादूनं अक्काची गोधडी काढली, तिची घडी मोडली, आणि दोघांच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढली.