गवळणीची साखर

"…मग डोस वाढवू ना, महाराज?"

दिगंबरपंतांनी हे तोंडानं विचारलं नाही, पाटीवर लिहिलं. मठात उजाडल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन असे. भानगिरी महाराजांनी बारा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. दिगंबरपंतांनीही आठ महिन्यांत मोडलं नव्हतं, आणि दुपारनंतर भेटेल त्याला ते हे सांगत.

पंतांच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेली गवळण होती. गवळण म्हणजे मठातली म्हातारी मांजर. दूध चोरायची म्हणून हे नाव पडलं. महिन्यापूर्वी तिला मधुमेह निघाला आणि दूध बंद झालं.

जनावरांच्या डॉक्टर घोरपडेबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, की दवाखान्यात आणलंत तर ती धसक्यानंच साखर वाढवून बसेल. तपासणी घरी करा, तिच्या कलानं करा. पंत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मांजरांसाठीचं खास परदेशी यंत्र मागवायची तयारी केली. बाई म्हणाल्या, कशाला? मठात माणसांसाठी ठेवलेलं साधं यंत्र चालेल. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण रोज तेच यंत्र वापरा, म्हणजे मला अंदाज येईल.

एवढ्या स्वस्तात होणारं काम पंतांना जरा हलकंच वाटलं. तरी त्यांनी ते स्वतःकडे घेतलं, आणि घेतलं म्हणजे अगदी शिस्तीत घेतलं. रोज ठरल्या वेळी कणगीमागून मांजर ओढायची, घट्ट गुंडाळायची, कानाच्या कडेला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा.

गेले काही दिवस आकडा रोज चढत होता. तीनशे साठ. तीनशे सत्तर. तीनशे नव्वद. चारशे. आज, पाचव्या दिवशी, चारशे बारा.

बाईंनी सांगितलं होतं, पाच दिवस साडेतीनशेच्या वर राहिला तर इन्सुलिन एक युनिट वाढवा. पण गरज नसताना वाढवलंत तर साखर एकदम खाली जाईल, आणि मांजर पडेल ती उठायची नाही.

पंत मनातून घाबरले होते. त्यांचा गवळणीवर जीव होता, फक्त ते कुणाला कळू द्यायचे नाहीत.

पंतांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. "पूर्वी ओरडायची. आता हूं की चूं नाही. गवळणही मौन शिकली."

महाराजांनी वाचलं. मग मांजरीकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते आणि अंग लाकडासारखं ताठ.

…

महाराजांनी जपमाळ खाली ठेवली. टॉवेल सोडवला. "ये गं बाई," ते म्हणाले. "दूध बंद केलं म्हणून रागावलीस होय?"

पंतांच्या हातातला खडू पडला.

गवळण बाकाखाली पळाली. महाराज बाकाशेजारी बसले आणि बोलत राहिले. दुधाबद्दल, उंदरांबद्दल, मठातल्या माणसांना कशी अक्कल नाही त्याबद्दल. ऊन अंगणभर झालं. केव्हातरी ती बाहेर आली, मांडीवर चढली, डोळे मिटून घुरघुरू लागली. महाराजांनी तिचा कान बोटांनी चोळून ऊबदार केला, टोचला, थेंब घेतला. यंत्र तेच, पट्ट्या त्याच डबीतल्या.

दोनशे अडतीस.

पंतांनी डोळे पुसून पाहिलं. मग न राहवून, मांजर मांडीवर तशीच असताना, स्वतः एकदा तपासलं. दोनशे एक्केचाळीस.

तीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, की नीट मोजलं तर कुणीही मोजलं तरी माप तेच येतं. आता त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यांनी पाटीवर लिहिलं, "खरा आकडा कोणता?" पुसलं. लिहिलं, "मग सकाळचा खोटा?" तेही पुसलं. आधी काय विचारावं तेच त्यांना कळेना.

महाराजांनी तिच्यापुढे खाणं ठेवलं. सुईत जुनाच डोस भरला, मानेची कातडी उचलून दिला. तिनं खाण्यातून तोंडही वर केलं नाही.

"बारा वर्षं, महाराज…" पंतांच्या तोंडून निघून गेलं. आपण बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं. "बारा वर्षांचं मौन मोडलंत. एका मांजरीसाठी?"

…

"ती तुझ्या हातात गप्प होती," महाराज म्हणाले. "ते मला ऐकवेना."