पहिला घोट

आधीच हात जोडून सांगतो. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील. सांभाळून घ्यावे.

एका राज्यात औषधांना कान होते. काढा पाजताना वैद्य जे बोले ते काढा ऐके, आणि पोटात जाऊन तसाच वागे. म्हणून तिथले वैद्य रोग्याशी हळू बोलत. आणखी एक रीत होती. पहिला घोट वैद्याने स्वतः घ्यायचा आणि मग पेला रोग्याच्या हाती द्यायचा.

त्या राज्याची राणी मंदारवती. तिचा वैद्य कुवल, वयाने तरुण, पण हाताला गुण असलेला.

एका साली पाऊस पडला नाही. कोठारे रिकामी झाली. गडाच्या तळघरात एका मांत्रिकाचा खजिना होता आणि त्याच्या झाकणावर काळा लेप होता. राणीने कुवलला विचारले, "हा लेप विषारी आहे का?"

कुवलने लेप हुंगला. म्हणाला, "साधी राळ आहे, महाराणी."

राणीने झाकण उघडले. सोने निघाले, परमुलखातून धान्य आले, लोक जगले. पण लेपात शाप होता. राणीची पावले दगडाची झाली आणि दगड रोज वीतभर वर चढू लागला. सातव्या दिवशी, सूर्य बुडताना, ती पुरती दगड होणार होती.

कुवल धावत डोंगरावर गेला. खजिन्याचा मालक, मांत्रिक कपर्दी, तिथे राहत होता. तो तीनशे वर्षांचा होता. दारात बसून दाढी विंचरत होता.

"शाप उतरवा," कुवल म्हणाला.

"शाप माझा, उतारा तुझ्या हातचा. तीन कामे कर. घारीच्या कड्यावरचा काळा मध आण. ज्या तळ्यात आभाळ दिसत नाही, त्याचे पाणी आण. दोन्ही एकत्र कर, आणि तुमच्या रीतीप्रमाणे पहिला घोट तू घे."

"तिसरे तर मी रोजच करतो."

कपर्दी हसला. "तुझे रोजचे काढे अर्धे बहिरे असतात, पोरा. या उताऱ्याला मुंगीचे पाऊल ऐकू येते."

त्याने वाट दाखवायला एक साळुंकी दिली.

कड्यावरच्या माश्या चिमणीएवढ्या होत्या. त्या कुवलला एकवीस ठिकाणी चावल्या. मध मिळाला. तळ्यात एक मगर राहत होती. पाण्याच्या बदल्यात तिने गाणे मागितले. कुवलने येत होते ते म्हटले.

"बेसूर आहे," मगर म्हणाली, "पण गाणे आहे." तिने वाट दिली.

परतताना साळुंकी त्याच्या खांद्यावर बसून ओरडू लागली, "गाढवा! राणीला मारलेस! तुला वैद्य कोणी केले?"

"मला शिव्या का देतेस ग?"

"मी कशाला देऊ? सहा दिवस तू पुटपुटतो आहेस. मला पाठ झाले."

कुवल गडावर पोचला तेव्हा सातव्या दिवसाची दुपार कलली होती. दगड राणीच्या खांद्यापर्यंत आला होता.

"ये, कुवला," राणी म्हणाली. "उठून स्वागत केले असते, पण जमत नाही."

त्याने मध आणि पाणी एकत्र केले. तीन पेले भरले.

पहिला पेला ओठाला लावताना त्याच्या तोंडून सवयीने निघाले, "मूर्खा, निदान आता तरी हात थरथरू देऊ नकोस." उतारा काळा पडला आणि पेला तडकला. दगड राणीच्या गळ्याला लागला.

कुवल घाबरला. दुसरा पेला उचलून मोठ्याने म्हणाला, "कुवला, तुझ्यासारखा वैद्य त्रिभुवनात नाही. तू कधी चुकतच नाहीस." उताऱ्याने ते ऐकले आणि त्याची वाफ होऊन गेली. दगड हनुवटीला टेकला.

साळुंकी म्हणाली, "हे खोटे होते. मलाही कळले."

राणी जेमतेम बोलू शकत होती. "कुवला, झाकण मी उघडले. मला मूर्ख म्हण."

"छे, महाराणी! लोक उपाशी होते. शाप दिसत नव्हता. आपण काय करणार होतात?"

"आणि लेप हुंगणारा?"

खिडकीतून ऊन भिंतीवर चढले होते. कुवलने तिसरा पेला उचलला. मग तो ओसरीवरच्या रोग्याशी बोलावे तसा, हळू बोलला.

"कुवला, तू चुकलास. लेप तुला ओळखता आला नाही. तसा लेप तू कधी पाहिलाच नव्हतास. चूक जड आहे, ती जड वाटणारच. सहा दिवस झोपला नाहीस, अंगभर माश्या चावल्या आहेत. बैस. एक घोट घे."

त्याने घोट घेतला. उतारा मधाच्या रंगाचा झाला. त्याने पेला राणीच्या ओठांना लावला आणि तिच्याशीही तितकेच हळू बोलला.

वाळला चिखल गळावा तसा दगड गळू लागला. आधी गळा, मग हात. सूर्य बुडाला तेव्हा राणीने पायाचा अंगठा हलवून पाहिला आणि ती मोठ्याने हसली. गडावर नगारा झडला. शाप संपला होता, म्हणून तळघराचे दार उघडे ठेवले आणि उरलेल्या सोन्यातून बियाणे विकत आणून गावोगाव वाटले. साळुंकी डोंगरावर परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवल उशिरा उठला. ओसरीवर रोगी थांबले होते. पहिलाच काढा करताना त्याचा हात लागून भांडे कलंडले आणि सगळा काढा जमिनीवर गेला. तो क्षणभर थांबला. त्याचे ओठ हलले, पण काय म्हणाला ते कोणाला ऐकू आले नाही. मग त्याने फडक्याने जमीन पुसली आणि दुसरे भांडे चुलीवर ठेवले.