आपल्याच नजरेवर विश्वास न ठेवणारा अमात्य

फार पूर्वी वेत्रवती नगरीत अरिजित राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य म्हणून जन्मला होता. कोठाराचा रखवालदार होता नंदिय. सज्जन, पण भित्रा. चूक झाली तर आपली मान जाईल, या धास्तीने तो धान्य नेहमी कमीच सांगे.

अमात्याचा एक विचित्र नेम होता. दर पौर्णिमेला तो एका कणगीत कमीजास्त धान्य भरून ठेवी आणि सगळ्यांना आत किती धान्य आहे ते नजरेने सांगायला लावी. मग ती पायलीने मोजली जाई. सेनापती वज्रबाहूचा आकडा दरवेळी फुगलेला, नंदियाचा आखडलेला. अमात्याचा बहुधा बरोबर येई. मात्र दाराशी भुकेलेले बसलेले असले की तोही जास्तच सांगे. लोक हसत, म्हणत, अमात्यांना हे काय खूळ लागलंय!

एका वर्षी शेजारच्या मुलखात दुष्काळ पडला. माणसं लेकराबाळांसह वेशीशी येऊन थडकली. यांना आत घेतलं तर सुगीपर्यंत धान्य पुरेल का, ते राजाला संध्याकाळच्या आत कळायला हवं होतं. एवढं कोठार मोजायला वेळ कुठला? सेनापती म्हणाला, पुरून उरेल. नंदिय म्हणाला, नाही पुरणार. बाहेर पोरं रडत होती, ते ऐकून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

अमात्य राशींभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "महाराज, माझी नजर सांगते की पुरेल. पण वेशीवरचं रडणं ऐकल्यावर ती नेहमीच जास्त सांगते."

पौर्णिमेच्या मोजणीत ज्याचा अंदाज जितका चुके, त्या मानाने त्याने सेनापतीचा आकडा कमी केला, नंदियाचा वाढवला आणि स्वतःचाही कमी केला. तिन्ही आकडे एकाच जागी आले.

"दिवसातून दोन वेळा जेवलो तर पुरणार नाही. राजवाड्यासकट सगळे एकदाच जेवलो तर पुरेल."

राजाने नंदियाकडे पाहिलं. "पुरेल, महाराज," नंदिय म्हणाला. "मी भीतीपोटी कमी सांगितलं."

वेस उघडली. त्या वर्षी राजाही दिवसातून एकदाच जेवे. सुगीचं पहिलं धान्य आलं, तेव्हा नंदिय रिकामं कोठार झाडत होता. वेशीतून आत आलेल्यांपैकी एकही माणूस दगावला नव्हता.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, समोरच्या भिक्खूंना म्हणाले, "तो सेनापती म्हणजे हा बढाईखोर उग्रसेन. नंदिय म्हणजे मागे अंग चोरून बसलेला सोमिल. आणि अमात्य मी होतो. दुसऱ्याचा कल सगळ्यांनाच दिसतो. स्वतःचा कल ओळखून तो वजा करणं, ही प्रज्ञा."

सोमिल थोडा पुढे सरकून बसला.