पारवीचं चाक

माणसं अजून पायीच हिंडत होती आणि सायकली आपल्या आपण धावत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. घाटाखालच्या सायकली दरवर्षी हौसेने शर्यत लावत. गुंजी आणि पारवी या मैत्रिणी नेहमी जोडीने उतरायच्या. सोबतिणीचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं, असा तिथला रिवाज होता.

एका वर्षी चढाच्या तोंडाशीच गुंजीचं पुढचं चाक फुटलं. पारवीने मागचापुढचा विचार न करता आपलं काढून दिलं.

"येताना देते हं," म्हणत गुंजी निघून गेली.

पारवी करंजाच्या झाडाला टेकून उभी राहिली. वरून टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा आपणच जिंकल्यासारखं तिला वाटलं. गुंजी मात्र हार मिरवत दुसऱ्याच वाटेने उतरली. पावसाळा गेला, पारवीची साखळी गंजली. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की ती म्हणे, "येईल ती. कामात असेल."

पुढच्या शर्यतीत गुंजी खरंच करंजाखाली येऊन थांबली. पारवीचं काळीज सुपाएवढं झालं. गुंजीच्या चाकाच्या तारांत अजून हाराचा दोरा अडकलेला होता.

"बरं झालं भेटलीस," गुंजी धापा टाकत म्हणाली. "आता मागचं फुटलंय गं."

पारवीने आपल्या उरलेल्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घे."

चाक निघालं तशी ती बुंध्याशी खाली बसली. गुंजी चढाला लागली होती. वळणावरून तिने ओरडून सांगितलं, "येताना दोन्ही देते हं."